महाधमनी ‘नॉर्मल’ नको, आकडा लिहा

पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या आणि तिचे रिपोर्ट वाचणाऱ्या सर्व डॉक्टर सहकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात यकृताचा आकार सेंटिमीटरमध्ये असतो. दोन्ही मूत्रपिंडांची लांबी-रुंदी असते, प्लीहेची लांबी असते, प्रोस्टेटचे तर वजनही ग्रॅममध्ये काढलेले असते. मग अगदी शेवटी कुठेतरी येते : ‘महाधमनी व आयव्हीसी नॉर्मल’ (महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटात उतरणारी मुख्य धमनी, आयव्हीसी म्हणजे तिच्या शेजारची मोठी नीला). ही ओळ बहुधा टेम्प्लेटमध्ये आधीच टाइप केलेली असते. त्यामुळे प्रोब खरोखर महाधमनीवर फिरला, की गॅसमुळे काही दिसलेच नाही, की वेळ नव्हता, हे रिपोर्ट वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग उरत नाही.

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करणारे आम्ही, आपल्याकडे एकच मागणी घेऊन आलो आहोत, महाधमनीला आलेला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटण्याआधी सापडावा म्हणून. पोटाची सोनोग्राफी कशासाठीही सांगितलेली असो, पित्ताशयातले खडे असोत की लघवीची तक्रार, पेशंट साठीच्या पुढचा असेल तर महाधमनीचा सर्वाधिक व्यास मोजा आणि तो मिलिमीटरमध्ये लिहा. दिसली नसेल तर ‘दिसली नाही’ असे लिहा. या कामाला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे का द्यायची, कशी द्यायची आणि त्या आकड्याचे पुढे काय करायचे, ते सविस्तर सांगतो.

मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली महाधमनीचा व्यास साधारण २० मिमी असतो, स्त्रियांत थोडा कमी. तो ३० मिमी किंवा त्याहून जास्त झाला की त्याला ॲन्युरिझम म्हणायचे. ज्याची धमनी मुळातच बारीक आहे त्याच्या बाबतीत मूळ व्यासाच्या दीडपट हा निकष लावायचा. पोटातले बहुतेक ॲन्युरिझम मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खालच्याच भागात होतात, आणि त्याला कारण आहे. महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचे पापुद्रे असतात. ते छातीत भरपूर असतात आणि खाली येता येता कमी होत जातात. भिंतीला स्वतःचा रक्तपुरवठा करणाऱ्या बारीक वाहिन्याही या भागात विरळ आहेत. भिंतीत दाह सुरू झाला की मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही एन्झाइमे इलॅस्टिन कुरतडतात, गुळगुळीत स्नायूपेशी मरतात, आणि भार कोलॅजनवर येतो. कोलॅजन मजबूत असते, पण इलॅस्टिनसारखे ताणून परत आखडत नाही. म्हणून एकदा फुगलेली धमनी आपणहून पूर्ववत होत नाही.

पुढचे गणित लाप्लासच्या नियमाचे. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या पटीत वाढतो आणि भिंतीच्या जाडीच्या उलट प्रमाणात. रक्तदाब तोच ठेवला तरी २० मिमीची नळी ५५ मिमीची झाली की ताण पावणेतीन पट होतो, आणि भिंत पातळ झाली असेल तर त्याहून जास्त. फुगा जितका मोठा तितका तो आणखी मोठा होण्याचा वेग जास्त. लहान ॲन्युरिझम वर्षाला दोनेक मिलिमीटरने सरकतो, चार-साडेचार सेंटिमीटरच्या पुढचा तीन किंवा त्याहून अधिक मिलिमीटरने. ही सरासरी झाली. काही फुगे वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत आणि मग अचानक उडी घेतात, म्हणून तर पुन्हा पुन्हा मोजायचे.

हे सगळे पेशंटला जाणवत नाही, हीच मुख्य अडचण. खडा अडकलेला पित्ताशय दुखतो, चार मिलिमीटरचा मूतखडा माणसाला लोळवतो, आणि पाच सेंटिमीटरचा ॲन्युरिझम घेऊन माणूस जिने चढतो. कुणाला पोटात ठोका जाणवतो, कुणाच्या पायाच्या बोटावर अचानक निळा डाग उठतो (फुग्यातल्या गुठळीचा कण निसटून खाली गेलेला असतो), बाकीच्यांना काहीही होत नाही. पोट हाताने तपासून मोठे ॲन्युरिझम बऱ्याचदा सापडतात, पण लहान हुकतात आणि पोट सुटलेल्या माणसात मोठेही हुकतात. दाबून तपासल्याने ॲन्युरिझम फुटतो ही भीती मात्र निराधार आहे. तपासा.

कुणाला होतो? वय, पुरुष असणे आणि तंबाखूचा धूर, या तिघांत बहुतेक उत्तर येते. धूम्रपान हा बदलता येण्याजोगा सर्वांत मोठा धोका. हृदयाच्या धमन्यांच्या आजाराशी धूम्रपानाचे जे नाते आहे त्यापेक्षा या आजाराशी ते अधिक घट्ट आहे. धूम्रपान चालू ठेवणाऱ्याचा फुगा जास्त वेगाने वाढतो आणि फुटण्याचा धोकाही जास्त. सोडून वीस वर्षे झाली तरी ‘कधी ओढली होती का’ हा प्रश्न विचारायलाच हवा. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, इतर धमन्यांतला अथेरोस्क्लेरोसिस (भिंतीत चरबी साचून धमन्या कडक होणे) ही पुढची कारणे. मधुमेह इथे उलटा वागतो : मधुमेहींमध्ये ॲन्युरिझम कमी आढळतो आणि हळू वाढतो. यात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचा वाटा असावा असे निरीक्षणांवरून वाटते, पण केवळ त्यासाठी मेटफॉर्मिन लिहून द्यावे इतका पुरावा हाती नाही.

स्त्रियांना ॲन्युरिझम कमी होतो, पण झालेला जास्त वाईट वागतो. तेवढ्याच व्यासाला फुटण्याचा धोका पुरुषांच्या कितीतरी पट. त्यामुळे ‘बाई आहे, हिला कुठला ॲन्युरिझम’ असे म्हणत प्रोब उचलू नका. सख्ख्या भावाला, बहिणीला किंवा आई-वडिलांना ॲन्युरिझम असेल तर धोका ठळकपणे वाढतो. म्हणून एका पेशंटला निदान सांगताना त्याच्या पन्नाशी ओलांडलेल्या भावंडांची नावेही त्याच कागदावर लिहून घ्या. आणि गुडघ्यामागच्या धमनीचा ॲन्युरिझम सापडला तर पोट पाहिल्याशिवाय पेशंटला सोडू नका. अशा पेशंटपैकी साधारण चाळीस टक्क्यांत वरही एक फुगा असतो.

तरुण माणसात किंवा चुकीच्या जागी ॲन्युरिझम दिसला तर वेगळा विचार हवा. मार्फान, लोइस-डीट्झ, रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डानलोस हे जनुकीय आजार, जन्मतः दोन पाकळ्यांची महाधमनी-झडप, टाकायासू आणि जायंट सेल आर्टरायटिस (धमन्यांच्या भिंतीचा दाह), जुने डिसेक्शन (भिंतीचे थर फाटून सुटणे), क्वचित सिफिलिस. ताप, वाढलेला सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) आणि एका बाजूला पिशवीसारखा बाहेर आलेला फुगा हे त्रिकूट दिसले तर तो जंतुसंसर्गाचा ॲन्युरिझम समजा. साल्मोनेला आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हे नेहमीचे गुन्हेगार. हा फुगा व्यासाची वाट पाहत नाही, तीन-साडेतीन सेंटिमीटरलाही फुटतो.

आता मोजण्याकडे येऊ. पत्रातला हाच भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीचा आकडा कधीकधी आकडा नसण्यापेक्षा महागात पडतो.

सहा-आठ तासांचे उपाशीपोट असेल तर बरे, पण नसेल म्हणून टाळू नका. पेशंट उताणा, गुडघे थोडे दुमडलेले म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. दोन ते पाच मेगाहर्ट्झचा कर्व्हिलिनियर प्रोब छातीच्या हाडाच्या टोकाखाली आडवा ठेवा. आधी मणक्याचा कणा शोधा : पांढरी कमान आणि तिच्यामागे काळी सावली. त्या कमानीच्या पुढ्यात, पेशंटच्या किंचित डावीकडे, ठोके देणारे गोल काळे वर्तुळ म्हणजे महाधमनी. उजवीकडे, दाबल्यावर चपटी होणारी, श्वासाबरोबर आकार बदलणारी ती आयव्हीसी. प्रोब तसाच आडवा ठेवून हळूहळू बेंबीपर्यंत सरकवा. एका वर्तुळाची दोन होतात तो दुभाजनाचा बिंदू, चौथ्या कटिमणक्याच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने बेंबीच्या पातळीला. तिथे थांबू नका, पायांकडे जाणाऱ्या दोन्ही इलियाक धमन्यांवरही एक नजर टाका. कॉमन इलियाक साधारण दीड सेंटिमीटरच्या पुढे गेली तर तीही नोंदवा.

गॅस आडवा आला तर प्रोब उचलून दुसरीकडे पळवण्याऐवजी त्याच जागी सौम्य दाब देऊन अर्धा मिनिट थांबा. आतडे बाजूला सरकते. तेवढ्याने भागले नाही तर पेशंटला कुशीवर घेऊन बगलेकडून, यकृताच्या किंवा डाव्या मूत्रपिंडाच्या खिडकीतून पाहा.

मोजायचे ते पुढून मागे, म्हणजे अँटेरोपोस्टेरियर. आडव्या दिशेने बाजूच्या कडा पुसट दिसतात आणि कॅलिपर (स्क्रीनवरची मोजण्याची खूण) कुठे टेकवायचा हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. दोनदा मोजल्यावर दोन आकडे येतात ते त्यामुळेच. धमनी वाकडी असेल तर सरळ आडवा छेद तिला तिरका कापतो, वर्तुळाचे अंडे होते आणि व्यास फुगवून येतो. प्रोब फिरवून धमनीच्या अक्षाला काटकोन साधा, वर्तुळ पुन्हा गोल दिसले पाहिजे. उभ्या छेदात तोच आकडा ताडून पाहा.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. मोठ्या ॲन्युरिझममध्ये आतून गुठळीचा जाड थर बसलेला असतो. स्क्रीनवर मधोमध काळे, रंगीत डॉपलर लावल्यावर छान भरणारे दोन सेंटिमीटरचे वर्तुळ दिसते, आणि त्याच्याभोवती राखाडी, आजूबाजूच्या चरबीत मिसळून गेल्यासारखे वाटणारे कडे असते. घाईत कॅलिपर त्या काळ्या वर्तुळाच्या कडांवर बसतो. रिपोर्ट जातो ‘२२ मिमी, नॉर्मल’. प्रत्यक्षात बाहेरची भिंत ५८ मिमीवर असते. गेन (चित्राचा उजळपणा) थोडा वाढवा, राखाडी कड्याच्या बाहेरची पातळ चमकदार रेघ शोधा, तिथे तिथे कॅल्शियमचे ठिपकेही असतात, आणि कॅलिपर त्या रेघेवर टेकवा. गुठळी भिंतीला आतून टेकू देते आणि फुटण्यापासून वाचवते, असाही एक समज आहे. तो धरून चालू नका.

कॅलिपर भिंतीच्या बाहेरून बाहेर ठेवायचा की आतून आत, यावर जगभर एकमत नाही. ब्रिटनचा तपासणी कार्यक्रम आतून आत मोजतो, इतर अनेक जण बाहेरून बाहेर. दोन्हीत काही मिलिमीटरचा फरक पडतो. कोणतीही पद्धत वापरा, पण ती रिपोर्टात लिहा. गेल्या वर्षी आतून ४६ आणि यंदा बाहेरून ५१ असे आले तर पाच मिलिमीटरची वाढ झाली की पद्धत बदलली, हे त्या दोन कागदांवरून कुणालाही सांगता येणार नाही. सीटी स्कॅनचा आकडाही सोनोग्राफीपेक्षा थोडा जास्तच येतो. सीटीची तुलना सीटीशी आणि सोनोग्राफीची सोनोग्राफीशी.

जाता जाता, मूतखड्यासाठी केलेला साधा सीटी किंवा कंबरेचा एमआरआय वाचणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. महाधमनी त्या चित्रात आहेच. मणक्याच्या चकतीपुढे चार सेंटिमीटरचा गोळा असताना फक्त चकतीचा रिपोर्ट जाऊ नये.

आकडा आला. आता वाचणाऱ्याने काय करायचे?

३० मिमीच्या आत असेल तर ॲन्युरिझम नाही. पण २५ ते २९ असेल आणि माणसाचे पुढचे आयुष्य बरेच असेल तर पाच-दहा वर्षांनी पुन्हा एकदा पाहायला हरकत नाही. ३० ते ३९ मिमीला साधारण तीन वर्षांनी, ४० ते ४९ ला दर वर्षी, ५० ते ५४ ला सहा महिन्यांनी सोनोग्राफी, ही बऱ्याच मार्गदर्शक तत्त्वांची सर्वसाधारण चौकट. ब्रिटनमध्ये ४५ मिमीनंतर दर तीन महिन्यांनी बोलावतात. पुरुषांत ५५ मिमी, स्त्रियांत ५० मिमी झाले, किंवा वर्षात एक सेंटिमीटरची वाढ झाली, की शस्त्रक्रियेचा विचार. आणि ॲन्युरिझम असलेल्या माणसाचे पोट किंवा कंबर दुखू लागली, फुग्यावर दाबल्यावर दुखले, तर व्यास विसरून त्याच दिवशी पाठवा.

‘५५ पर्यंत थांबा’ हे ऐकून पेशंटचे नातेवाईक अस्वस्थ होतात आणि कधी डॉक्टरही. हा आकडा हवेतून आलेला नाही. ब्रिटनची स्मॉल ॲन्युरिझम ट्रायल १९९८ मध्ये आणि अमेरिकेची ॲडम ट्रायल २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत मिळून दोन हजारांहून अधिक पेशंट होते, ॲन्युरिझम चार ते साडेपाच सेंटिमीटरच्या दरम्यानचे. अर्ध्यांची लगेच शस्त्रक्रिया, अर्ध्यांची फक्त नियमित मोजणी. लवकर शस्त्रक्रिया केलेले जास्त जगले नाहीत. या आकाराचा फुगा फुटण्याचा धोका वर्षाला एक टक्क्याच्या आसपास होता आणि शस्त्रक्रियेतला धोका त्याहून जास्त. मात्र यातली मेख नीट ध्यानात घ्या : थांबणे सुरक्षित ठरले ते मोजणी चुकली नाही म्हणून. पेशंट पुढच्या तारखेला आलाच नाही तर त्या ट्रायलचा निष्कर्ष त्याला लागू होत नाही. म्हणून तारीख रिपोर्टावरच लिहा.

तपासणीचा फायदा होतो का, याचेही उत्तर जुने आहे. ब्रिटनच्या ‘मास’ (MASS) ट्रायलमध्ये ६५ ते ७४ वयाचे सुमारे ६७,८०० पुरुष होते. २००२ मध्ये चार वर्षांचे निकाल आले तेव्हा सोनोग्राफीसाठी बोलावलेल्या गटात ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होते. त्यानंतर ब्रिटन आणि स्वीडनने पासष्टीच्या पुरुषांना एकदा बोलावण्याची व्यवस्था केली, अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, कधीतरी धूम्रपान केलेल्या पुरुषांसाठी शिफारस आहे. जिथे अशी व्यवस्था नाही तिथे, दुसऱ्या कारणासाठी टेबलावर आलेला पेशंट हीच तपासणीची संधी.

वाट पाहण्याच्या काळात औषधांनी फुगा थांबतो का? थेट उत्तर नाही असे आहे. बीटा ब्लॉकर, डॉक्सिसायक्लिन आणि आणखी काही औषधे आजमावून झाली, पोटातल्या ॲन्युरिझमची वाढ कशानेही रोखली नाही. तरी स्टॅटिन, रक्तदाबावर नियंत्रण आणि गरजेनुसार ॲस्पिरिन द्यायचेच, कारण या माणसाला हृदयविकाराचा धोका फुगा फुटण्याच्या धोक्याइतकाच, पुष्कळदा जास्तच असतो. धूम्रपान सोडणे हा वाढीवर परिणाम करणारा एकमेव खात्रीचा उपाय. चालणे, हलका व्यायाम चालू ठेवावा. श्वास कोंडून जड वजन उचलणे टाळावे.

फॅमिली डॉक्टरांसाठी एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन, मॉक्सिफ्लोक्सासिन ही अँटिबायोटिक्स कोलॅजनला इजा करतात असा संशय आहे, आणि महाधमनी फाटण्याशी त्यांचा संबंध दिसून आल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने इशारा दिला : ॲन्युरिझम असलेल्यांना किंवा त्याचा धोका असलेल्यांना, दुसरा पर्याय असेल तर, ही देऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग झालेला सत्तरीचा, धूम्रपान करणारा पुरुष डोळ्यांसमोर आणा. नेमके हेच औषध त्याला सवयीने लिहिले जाते.

रात्रपाळीला इमर्जन्सीत बसणाऱ्यांशी आता बोलायचे आहे. साठीच्या पुढचा माणूस, डाव्या कुशीत अचानक कळ, ती जांघेकडे जाते, घाम, एकदा भोवळ येऊन गेली. कुणीही म्हणेल मूतखडा. लघवीत थोडे रक्तही सापडू शकते, कारण फुग्यामागे साचलेले रक्त मूत्रवाहिनीला डिवचते. वेदनाशामक इंजेक्शनाने तो जरा शांत होतो, रक्तदाब ११० वर असतो, घरी जातो. ॲन्युरिझम बऱ्याचदा डाव्या बाजूला मागे, पोटाच्या पडद्याच्या पलीकडे फुटतो. तिथल्या जागेत रक्त काही काळ दाबून राहते, आणि तो काळ म्हणजेच वाचवण्याची खिडकी. अचानक वेदना, पडलेला रक्तदाब आणि पोटात ठोके देणारा गोळा हे पुस्तकातले त्रिकूट निम्म्या पेशंटमध्येही पुरते दिसत नाही. त्यामुळे आमचे म्हणणे साधे : साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘मूतखडा’ झाला असेल, तर महाधमनी पाहिल्याशिवाय तो मूतखडा नव्हे.

प्रोब ठेवल्यावर ॲन्युरिझम दिसला आणि माणूस दुखण्याने बेजार आहे, एवढे पुरेसे आहे. सोनोग्राफीत फुटल्याची खूण दिसेलच असे नाही. मागच्या जागेतले रक्त तिला नीट दिसत नाही. ‘फ्री फ्लुइड नाही’ (पोटात मोकळा द्रव नाही) या ओळीवर विसंबून राहू नका. दोन जाड सलाइनच्या सुया, रक्तगट आणि क्रॉसमॅच, शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा केंद्राला फोन, आणि हे सगळे एकाच वेळी. सलाइन मात्र धो धो सोडू नका. माणूस शुद्धीवर आहे, बोलतो आहे, तर वरचा रक्तदाब ७० ते ९० राहिला तरी चालतो. तो १३० वर नेण्याच्या नादात तयार झालेली गुठळी निसटते, रक्त पातळ होते, अंग थंड पडते, आणि मग काहीच गोठत नाही. द्रव द्यायचाच तर रक्त आणि प्लाझ्मा द्या. ७० च्या खाली फार वेळ राहू देणेही घातक, म्हणून ही तारेवरची कसरत आहे. पेशंट तग धरून असेल तर कॉन्ट्रास्ट सीटी काढा, त्यावरून पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून दुरुस्ती जमेल का हे ठरते. भूल देताना सर्जन हात धुऊन, पोटावर औषध लावून, चादरी घालून उभा असला पाहिजे. भुलीने स्नायू सैल पडताच दाबून राहिलेले रक्त मोकळे होते आणि रक्तदाब कोसळतो.

फुटलेल्यांपैकी बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि पोहोचून शस्त्रक्रिया झालेल्यांतही साधारण तिसरा हिस्सा दगावतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत हाच धोका शंभरात एक ते पाच असतो. रिपोर्टातल्या आकड्याची किंमत या दोन वाक्यांतल्या अंतराएवढी आहे.

शस्त्रक्रियेचे दोन मार्ग. उघडी शस्त्रक्रिया जुनी, १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी पहिल्यांदा पोटातला ॲन्युरिझम काढून तिथे दात्याची धमनी जोडली. पोट उघडायचे, हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) द्यायचे, मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली आणि इलियाकवर चिमटे लावायचे, फुगा उभा चिरायचा. आतून गाळासारखी तपकिरी, थरांची गुठळी हाताने काढावी लागते. मागच्या भिंतीतून लंबर, म्हणजे कमरेच्या, धमन्या उलट्या दिशेने रक्त सोडतात, त्यांना आतूनच टाके. मग पॉलिएस्टरची नळी वर-खाली पॉलिप्रोपिलीनच्या धाग्याने शिवायची आणि रिकाम्या फुग्याची साल तिच्यावर पांघरून शिवून टाकायची. हे पांघरूण विसरता येत नाही, कारण नळी आतड्याला घासत राहिली तर कालांतराने दोहोंत भोक पडून जीवघेणा रक्तस्राव होतो. हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड बसणे, मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटणे, नंतर टाक्यांच्या जागी हर्निया, पुरुषांत लैंगिक तक्रारी, हे यातले धोके.

दुसरा मार्ग आतून. जांघेतल्या धमनीतून दुमडलेला स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी) वर नेऊन उघडायचा, म्हणजे रक्त त्यातून वाहते आणि फुग्यावरचा दाब उतरतो. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनॉस आयर्सला पोटातल्या ॲन्युरिझमसाठी हे केले. यासाठी मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली निरोगी धमनीची मान लागते, साधारण १० ते १५ मिमी लांब, फार वाकडी नाही, फार रुंद नाही, आणि उपकरण वर जाईल इतपत मोकळी इलियाक. एक मिलिमीटरच्या छेदांचा कॉन्ट्रास्ट सीटी पाहूनच हे ठरते. मान नसेल तर मूत्रपिंडांच्या धमन्यांसाठी खिडक्या असलेले ग्राफ्ट मिळतात, पण ती वेगळी मोहीम.

सुरुवातीचा मृत्युदर आतून केलेल्या दुरुस्तीत निश्चित कमी, पेशंट दोन-तीन दिवसांत घरी. दोन्ही मार्गांची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या एव्हार-१ ट्रायलचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ मध्ये आला तेव्हा चित्र बदलले : आठ वर्षांनंतर स्टेंट-ग्राफ्टच्या गटात मृत्यू जास्त होते, काही तर आतला फुगा उशिरा फुटल्याने. म्हणून साठीचा धडधाकट माणूस असेल तर आम्ही उघड्या शस्त्रक्रियेचा पर्याय त्याच्यासमोर गांभीर्याने ठेवतो, आणि ऐंशीचा, दमेकरी, हृदय कमजोर असलेला असेल तर आतून. ॲन्युरिझम फुटण्याची वेळ यावी इतके आयुष्यच ज्याच्याकडे शिल्लक नाही, त्याला काहीही न करणे हाही प्रामाणिक सल्ला असतो.

आणि इथे पेशंट पुन्हा तुमच्या टेबलावर येतो. स्टेंट-ग्राफ्टनंतर आयुष्यभर पाहत राहावे लागते. तुम्हाला पाहायचे आहे ते रिकाम्या फुग्याचा बाहेरचा व्यास आणि आत गळती आहे का ते. वरच्या किंवा खालच्या टोकाशी रक्त शिरत असेल तो पहिला प्रकार, ग्राफ्टच्या तुकड्यांच्या सांध्यातून किंवा फाटलेल्या कापडातून असेल तो तिसरा. या दोन्हींत लगेच कळवा, फुगा पुन्हा पूर्ण दाबाखाली आहे. लंबर किंवा इन्फिरियर मेसेन्टेरिक (मोठ्या आतड्याला रक्त देणाऱ्या) धमनीतून उलटे येणारे रक्त हा दुसरा प्रकार, सर्वांत जास्त आढळणारा, आणि फुगा वाढत नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी चालतो. गळती दिसत नाही पण व्यास पाच मिलिमीटरहून जास्त वाढला, तरी तो चांगला रिपोर्ट नव्हे.

छातीतल्या महाधमनीबद्दल थोडक्यात. पोटाच्या सोनोग्राफीत ती दिसत नाही, तिच्यासाठी इको आणि सीटी. हृदयाजवळच्या भागात साधारण ५५ मिमीला शस्त्रक्रिया, अनुभवी केंद्रात ५० लाही, मार्फानमध्ये ५० किंवा त्याआधी, लोइस-डीट्झमध्ये त्याहूनही लवकर. इथे मार्फानच्या पेशंटना बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टानचा उपयोग होतो, पोटातल्या फुग्यासारखे नाही. पोटात ॲन्युरिझम सापडलेल्याची छाती आणि गुडघ्यामागची धमनी एकदा पाहून घ्यावी.

टेम्प्लेटमध्ये ‘महाधमनी व आयव्हीसी नॉर्मल’ जिथे आहे, तिथे ती ओळ खोडून पुढची ओळ टाकावी ही विनंती. रिकाम्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, म्हणजे भरल्याशिवाय रिपोर्ट छापला जाणार नाही :

‘पोटातील महाधमनी : पूर्ण / अंशतः दिसली / दिसली नाही. सर्वाधिक व्यास ___ मिमी, पुढून मागे, भिंतीच्या बाहेरून बाहेर / आतून आत. पातळी : मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या वर / खाली. गुठळी : आहे / नाही. उजवी कॉमन इलियाक ___ मिमी, डावी ___ मिमी. मागील व्यास ___ मिमी, दिनांक ___. पुढील मोजणी ___ महिन्यांनी.’

कळावे,

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करणारे
आपले सहकारी